एक पान कमी

उमरग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, शाळांच्या स्मरणिका, असं डिझाइनचं काम मी करते. या धंद्यात माणूस आपोआप शंका घ्यायला शिकतो. एकाच नवरदेवाच्या दोन पत्रिका, दोन वेगळ्या ठिकाणांच्या, मी करून दिलेल्या आहेत आणि का म्हणून विचारलेलं नाही. त्यात माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच राहतात. दुपारचं जेवण झालं की दुकानात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात, आणि गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की त्याच्याबद्दलचं आपलं मत सांगतात. ते बहुधा चांगलं नसतं.

गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा वडील खुर्चीतच होते. गुरुजी म्हणजे लोहाऱ्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, सत्काराची पत्रिका असेल. त्यांनी पिशवीतून एक जाड फाइल काढली आणि म्हणाले, पत्त्यांचा एक जोड करायचा आहे. बावन्न पत्ते आणि दोन जोकर. त्यावर नेहमीचे राजा-राणी नकोत. जादूगार पाहिजेत.

मी असलं काम आधी कधी केलं नव्हतं. गुरुजी शाळेत असताना जादूचे प्रयोग करायचे. पोरांना दोरी कापून जोडून दाखवायची, रिकाम्या डब्यातून लिंबू काढायचं, आणि मग त्यात मंतर-बिंतर काही नसतं, हात असतो, हे समजावून सांगायचं. निवृत्तीनंतर त्यांच्या मनात आलं की ज्या जादूगारांचं नाव ऐकत आपण मोठे झालो, त्यांचा मान म्हणून एक जोड करावा. फाइलमध्ये जुनी हस्तपत्रकं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, पिवळे पडलेले फोटो होते.

ते गेल्यावर वडील म्हणाले, "मास्तर माणसाला पत्ते कशाला लागतेत?"

काम मात्र मला आवडलं. गुरुजींनी सगळं आधीच ठरवून आणलं होतं. चार राजे म्हणजे थेटरात प्रयोग करणारे नामांकित लोक, दोन आपल्या देशातले, दोन परदेशातले. चार राण्या म्हणजे पेटीत झोपून कापून घेणाऱ्या, टोपलीत बसून सुऱ्या चुकवणाऱ्या बाया. त्यांतल्या दोघींची नावंसुद्धा गुरुजींना मिळाली नव्हती. चार गुलाम म्हणजे रस्त्यावरचे, आठवडी बाजारातले जादूगार. एक्क्यांवर नुसते हात.

पत्त्यावरचं चित्र वरून आणि खालून सारखं दिसावं लागतं. म्हणजे माणूस कमरेत कापून त्याचंच वरचं अंग खाली उलटं जोडायचं. मी हे सांगितलं तेव्हा गुरुजी हसले. म्हणाले, जादूगाराला यात काही वाईट वाटणार नाही. मग कोपऱ्यातल्या अक्षरांची अडचण आली. गुरुजींना इंग्रजी अक्षरं नको होती, आणि मराठीत राजाचाही रा आणि राणीचाही रा. दोन दिवस आम्ही त्यावरच अडून बसलो. शेवटी राजाला फेटा, राणीला नथ आणि गुलामाला डमरू, अशी बारीक चिन्हं कोपऱ्यात घातली. इस्पिक आणि किलवरचा काळा रंग मी जरा निळसर केला, बदाम आणि चौकटचा लाल विटकरीकडं नेला. मागच्या बाजूसाठी करडईचं फूल काढलं, मधोमध एक आणि त्यातून चारी कोपऱ्यांत जाणाऱ्या वेली. प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन काटेरी पानं. करडई आमच्याकडं बांधाबांधावर असते, पण तिला कुणी डिझाइनमध्ये घेत नाही. गुरुजींना फूल फार आवडलं.

चित्रं काढता काढता मी नेटवर शोधायची. राजांची माहिती ढिगानं मिळाली. राण्यांची थोडी. गुलामांची काहीच नाही. चौकटचा गुलाम म्हणून गुरुजींनी एका हस्तपत्रकावरचा फोटो दिला होता: मिशीवाला, सडसडीत माणूस, एका हातात फडकं आणि समोर मातीत उगवलेलं आंब्याचं रोप. बाजारात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोय पुरून फडक्याखाली रोप उगवून दाखवणारा, एवढंच गुरुजींनी सांगितलं. कुठला, म्हणून विचारलं तर म्हणाले, इकडचाच. आहे का अजून, तर त्यांनी फाइल आवरायला घेतली.

मला ते खटकलं. ज्याचा मान करायचा त्याची माहिती सांगायला माणूस का कचरावा?

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. बिलावर नाव घालू नका म्हणाले. डब्यावर "संकल्पना" म्हणून त्यांचं नाव मी हौसेनं टाकलं होतं, तेही काढायला लावलं. शाळेतल्या माणसाला नाव छापून आलेलं नको, असं मी कधी पाहिलेलं नाही. आणि सगळं पक्कं होत आलं असताना एका सकाळी त्यांचा मेसेज आला. मागच्या बाजूला वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एक पान कमी करा. तिथं दोनच ठेवा. बाकी तीन कोपऱ्यांत तीन-तीन राहू द्या. मला वाटलं, त्यांचा घोटाळा झाला. मी फोन करून म्हणाले, गुरुजी, मग समोरच्या कोपऱ्यातलंही एक काढते, नाहीतर पत्ता वाकडा दिसेल. ते म्हणाले, नको, तेवढं एकच. आणि वर म्हणाले, हे कुणाला दाखवू नका, आणि मेसेज पुसून टाका.

मी मेसेज पुसला नाही. वडिलांना दाखवला.

वडिलांनी चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला आणि घरातून पत्त्यांचा जुना जोड आणायला सांगितला. त्यातल्या एका पत्त्याच्या पाठीवर त्यांनी पेनानं एक ठिपका दिला, कोपऱ्यात. म्हणाले, समज, सगळ्या पत्त्यांना असा ठिपका हाय. सगळे पत्ते एका दिशेनं लावून ठेवायचे. आता नुसते एक्के तेवढे फिरवून उलटे ठेव. वाटणाऱ्याला पाठीवरूनच कळतंय एक्का कुणाकडं गेला. असे जोड त्यांनी नोकरीत असताना धाडीत पकडले होते. अंगठ्यानं पत्ते फरफरवले की पाठीवरचं फूल एका जागी राहत नाही, नाचतं, त्यावरून ओळखायचं.

"हे जादूचं न्हाय, बाळ," ते म्हणाले. "जुगाराचं काम हाय. आन छापून देणारी तू."

त्या दिवसापासून माझं मन त्या कामातून उडालं. वडिलांचं मात्र उलट झालं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या अंगात उत्साह आलेला मी पाहिला. ते लोहाऱ्याला जाऊन आले, जीपवाल्यांशी बोलले, आणि आठवड्याभरात बातमी आणली की गुरुजी दर गुरुवारी लोहाऱ्याहून उमरग्याला येतात आणि इथून हायवेनं कर्नाटकाच्या बाजूला जातात. सीमेच्या अलीकडं एक ढाबा आहे, तिथं उतरतात. दोन-तीन तास बसतात आणि परत येतात. त्या ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडवर वडिलांनी स्वतः एकदा धाड टाकलेली होती.

रिपोर्ट द्यायचा का, असं वडिलांनी विचारलं. पण द्यायचा कशाचा? एक पान कमी आहे याचा? गुरुजींना तोंडावर विचारायचं तर मला धीर होईना. ते मला ताई म्हणायचे, येताना त्यांच्या शेतातल्या शेंगा आणायचे. खरं निघालं तर त्यांच्याकडं बघायचं कसं, आणि खोटं निघालं तरी कसं, हे मला उमजत नव्हतं.

मी केलं ते असं. एक पान कमी असलेला नमुना कागदावर काढून गुरुजींना दिला. त्यांनी तो भिंग लावून तपासला, खाली सही केली, तारीख टाकली. मी म्हणाले, एक प्रत तुमच्याकडं राहू द्या. आणि छपाईसाठी हैदराबादला फाइल पाठवायच्या आधी ते पान पुन्हा भरलं. चारी कोपऱ्यांत तीन-तीन. एका क्लिकचं काम होतं. माझं मन म्हणत होतं, आता या पत्त्यांनी कुणाला फसवता येणार नाही. गुरुजींना तक्रार करता येणार नाही, कारण बोलले तर का, हे सांगावं लागेल.

दहा जोडांचं पार्सल ट्रॅव्हल्सनं आलं. प्रत्येक डबा प्लास्टिकच्या आवरणात सीलबंद होता. गुरुजी घ्यायला आले, एक डबा हातात फिरवून बघितला, त्यावरच्या फुलावरून बोट फिरवलं आणि सगळे पिशवीत भरायला लागले. मी म्हणाले, उघडून बघा की. ते म्हणाले, नको, सील दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं फुटायचंय.

कोण दुसरं, ते सांगितलं नाही. एवढं महिनाभर खपून केलेलं काम माणूस उघडूनही बघत नाही, याचा आम्ही दोघांनी एकच अर्थ लावला.

पुढच्याच गुरुवारी वडील सकाळीच दाढी करून तयार झाले. म्हणाले, चल, जेवायला जाऊ ढाब्यावर. मी दुकान बंद केलं.

ढाबा साधाच होता. पुढं ट्रक उभे, पत्र्याखाली लाकडी टेबलं, एका बाजूला कडुनिंबाच्या सावलीत दोन बाजा टाकलेल्या. चुलीवर भाकरी चालल्या होत्या. गल्ल्यावर चाळिशीतली एक बाई बसलेली, ड्रायव्हरांशी अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलत होती. वडिलांनी आत जाता जाता मागच्या शेडकडं नजर टाकली. तिथं कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. पण गोण्यांच्या मागं काय असेल ते सांगता येत नाही, असं ते मला हळूच म्हणाले. आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. खांबाच्या आड असल्यामुळं आम्हाला सगळं दिसत होतं आणि आमच्याकडं सहज लक्ष जात नव्हतं.

गुरुजी आमच्या आधीच आलेले होते. एका बाजेवर ते बसले होते आणि समोर एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या हाताला इतकं कंपन होतं की चहाचा ग्लास त्यानं दोन्ही तळव्यांत धरला होता, तरी चहा धोतरावर सांडत होता. मिशी पांढरी झाली होती, गाल बसले होते. तरी मी ओळखलं. महिनाभर त्या चेहऱ्याची एकेक रेघ मी ओढली होती. तो माझा चौकटचा गुलाम होता.

गुरुजी त्याला वस्ताद म्हणत होते. गल्ल्यावरची बाई त्याची मुलगी होती, हे ती बाबा म्हणून हाक मारत होती त्यावरून कळलं. गुरुजींनी पिशवीतून डबा काढून वस्तादाच्या मांडीवर ठेवला. वस्तादाला सील फोडता येईना. त्यानं दातानं फोडलं. पत्ते बाजेवर उलथे केले. एकेक राजा, एकेक राणी तो बघत होता आणि काहीबाही बोलत होता. चौकटच्या गुलामापाशी आला आणि बोलायचा थांबला. पत्ता डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग तो पत्ता त्यानं इतरांत मिसळून टाकला, जसं काही विशेष नाही.

गुरुजी त्याच्या कानाशी वाकून बोलले, पण म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, त्यामुळं आमच्यापर्यंत शब्द आले. ते सांगत होते, वस्ताद, हाताची सफाई लागणारच न्हाय. पत्ता ओढायला द्या, तो बघतोय तवर हातातला जोड फिरवून धरा, पत्ता परत घ्या. मग नुसतं पसरा. वरच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यांना तीन पानं दिसतील. ज्याला दोन, तो त्यानं ओढलेला पत्ता.

नाव का नको होतं, मेसेज का पुसायचा होता, ते मला आता कळलं: जादूचं गुपित राखायचं होतं. वडील भाकरी मोडत होते, ते थांबले.

वस्तादानं भाकऱ्या भाजणाऱ्या आचाऱ्याला हाक मारली. आचारी हात पुसत आला, एक पत्ता ओढला, पोटाशी धरून बघितला, परत दिला. दोन ड्रायव्हरही उठून जवळ आले. वस्तादानं थरथरत्या हातांनी पत्ते बाजेवर पसरले. पसरण्यात मात्र अजून ऐट होती; एका झटक्यात पत्ते कमानीसारखे उलगडले. तो वाकला. कोपरे बघत गेला, डावीकडून उजवीकडं, मग परत. मुलीला म्हणाला, चष्मा आण. चष्मा लावून पुन्हा बघितलं. आचारी उभाच होता. ड्रायव्हर एकमेकांकडं बघून चहाला गेले.

वस्तादानं चष्मा काढला. "हात तर गेलेच व्हते," तो गुरुजींना म्हणाला, "आता डोळं बी गेलं. मला सगळीकडं तीनच दिसायलेत."

गुरुजींनी एक पत्ता उचलला. फिरवला. दुसरा उचलला, तोही फिरवला. मग त्यांनी मान वर केली, आणि इतका वेळ न दिसलेले आम्ही त्यांना दिसलो.

मी उठले. वडिलांनी माझा हात धरला, बस म्हणाले. मी हात सोडवून घेतला. बाजेपर्यंतचं अंतर पंधरा पावलांचं असेल, पण चालताना आपले हात कुठं ठेवावेत तेही सुचत नव्हतं. मी वस्तादाच्या पुढं जाऊन म्हणाले, "तुमचे डोळे ठीक आहेत. ते पान मी भरलंय. हे पत्ते मी केलेत."

वस्तादानं माझ्याकडं बघितलंच नाही. गुरुजींकडं बघितलं आणि विचारलं, "हिला तू आणलंस व्हय? माझी समजूत घालायला?"

गुरुजी म्हणाले, त्यांनी आणलेलं नाही. म्हाताऱ्याला पटेना. त्याचं म्हणणं असं की आजवर त्यानं बाजारात अशी पेरलेली माणसं पुष्कळ उभी केली होती, आणि वेळेला बरोबर येऊन बरोबर तेच बोलणारी बाई त्याला ओळखता येत होती. मी मोबाइल काढून जुनी फाइल दाखवायला लागले. त्यानं हात झटकला. मोबाइलात काय बी दाखवता येतं, म्हणाला.

तेव्हा गुरुजींनी पिशवीतून सहीचा कागद काढला. मीच दिलेली नमुन्याची प्रत, चार घड्या घातलेली. ती त्यांनी बाजेवर उलगडली. वस्ताद चष्म्याशिवाय वाकला. त्याचं बोट कागदावर थरथरत फिरत होतं, पण नेमकं जाऊन थांबलं.

"हितं न्हाय पान," तो म्हणाला.

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, का भरलंस? मी खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, गुरुजी जुगारासाठी करून घेतायत. हे म्हणताना मी गुरुजींकडं बघू शकले नाही. वस्ताद माझ्या मागं उभ्या असलेल्या वडिलांकडं बघत होता. त्यांचे बूट, आखूड कापलेले केस.

"पोलीस?"

रिटायर झालो, असं वडील म्हणाले.

मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देतील, आणि ते योग्यच झालं असतं. पण वस्ताद बराच वेळ पत्ते गोळा करत राहिला. मुलगी मदतीला वाकली तर तिला बाजूला केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वीस वर्षं आधी आली असतीस, तर बरोबर ठरली असतीस. जुगारासाठी हीच खूण शिकवली म्या दोघा-तिघांना. बाजार बंद पडायले व्हते, आन टोपलीत बसणारी, हिची आई, घरी आजारी व्हती."

मुलीनं मान खाली घातली. तिला ठाऊक असावं. गुरुजींना ठाऊक नव्हतं. मी केलेल्या कामानं त्यांचा चेहरा जेवढा उतरला नव्हता तेवढा यानं उतरला. ज्या माणसाला बघून ते जादू शिकले, ज्याच्याकडं दर गुरुवारी नेमानं येत होते, त्याच्याकडं ते असे बघत होते जसे मी महिनाभर त्यांच्याकडं बघत होते.

परतीच्या जीपमध्ये आम्ही तिघं एकाच बाकावर होतो. उमरग्यात उतरल्यावर मी म्हणाले, गुरुजी, मी माझ्या खर्चानं सगळे नीट करून देते. ते म्हणाले, बघू.

नंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी फाइल उघडली, ते पान काढलं, पुन्हा पुन्हा मोठं करून बघितलं, आणि जोड छापून आणले. आल्याचा मेसेज टाकला. चार दिवसांनी ते आले. पिशवी तीच, पण शेंगा नव्हत्या. यावेळी त्यांनी डबा दुकानातच उघडला. काउंटरवर एकेक पत्ता ठेवत पाठ बघितली, पुढची बाजू बघितली, चोपन्नच्या चोपन्न. मी समोर उभी राहिले. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना थांबा म्हटलं. दुसरा डबा उघडून त्यांनी तोही तसाच बघितला.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "राग न्हाय, ताई. पण आता तुमच्या कामावर मला दोनदा नजर फिरवावी लागंल. ती सवय लागली की लागली."

मग जायला निघाले आणि दारात थांबून त्यांनी वडिलांना विचारलं. त्या काळी धाडीत असे पत्ते कधी सापडले होते का? या भागात? वडील खुर्चीत जरा सरकून बसले. त्यांना एकेका धाडीची जागा, पंच, हातात सापडलेला माल, सगळं आजही तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "आठवत न्हाय, गुरुजी. लई वर्षं झाली." गुरुजींचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. वडिलांना उभ्या जन्मात मी तेवढं एकदाच साक्ष बदलताना पाहिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी एकटी ढाब्यावर गेले. गुरुजींनी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. ते तिथं आहेत की नाही याची मला खात्री नव्हती. वस्तादांच्या त्या दिवशीच्या बोलण्यानंतर त्यांनी येणं बंद केलं असेल, असंही वाटत होतं. ते होते. बाजेच्या पार टोकाला बसले होते, पण होते. वस्तादांनी नवा जोड हातात घेतला होता आणि जुना उशाशी ठेवला होता. मी जुना परत नेऊ का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, राहू दे. शंकेखोर माणूस आला की त्याच्या हातात तो द्यायचा, बघ म्हणायचं किती बघायचंय ते. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं की नाही ते मला नीट सांगता येत नाही.

दोन ट्रक येऊन थांबले. ड्रायव्हर, क्लीनर तोंडं धुऊन टेबलांवर बसले. वस्तादांनी मुलीला खूण केली, तिनं त्यांना बाजेकडं बोलावलं. मी जवळचा स्टूल ओढून बसायला लागले तर वस्ताद म्हणाले, "तू बाहीर थांब, माय. तुला ठाव हाय. ज्याला ठाव असतंय त्याच्यासमोर हात आणखी कापतेत."

मी उठून बाहेर गेले. हायवेच्या कडेला, ट्रकच्या सावलीत उभी राहिले. ऊन भरपूर होतं. हैदराबादकडून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नव्हतं. एवढंच कळलं की बराच वेळ तिथं कुणी बोलत नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या मनात सगळ्या चुका येऊन गेल्या. एखादा पत्ता छापखान्यात उलटा कापला गेला असेल, पाठीच्या रंगावर पान उठून दिसत नसेल, त्यांचे डोळे खरोखरच गेले असतील.

मग आतून ड्रायव्हर मोठ्यानं काहीतरी बोलला, कानडीत, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

थोड्या वेळानं गुरुजी बाहेर आले. माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले. रुमालानं मान पुसली.

"जमलं," ते म्हणाले. "आता क्लीनरला करून दाखवायलेत."

मी विचारलं, मी आत येऊ का? ते म्हणाले, एवढं होऊ द्या. मग आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, उमरग्याकडं जाणारी गाडी येते का बघत.